पगडीचे दुसरे टोक

बँकेच्या नोकरीत पदोन्नती आणि बदली या जुळ्या बहिणी. एक आली की दुसरी मागोमाग येतेच. या न्यायाने २००१ साली मी पंजाबात, जालंधर जिल्ह्यातल्या एका शाखेत रुजू झालो आणि तीन वर्षे तिथे काढली. शाखेचे हेड कॅशियर मूळचे दिल्लीचे. नावात सिंग, पण डोक्यावर पगडी नाही आणि दाढी गुळगुळीत. अशा माणसाला तिकडे ‘मोना’ म्हणतात. १९८४ च्या नोव्हेंबरात ते एका हिंदू शेजाऱ्याच्या घरात लपून बसले असताना त्यांच्या आईने शिवणाच्या कात्रीने त्यांचे केस कापले होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितले. संध्याकाळी रोकड मोजून झाली होती, तिजोरी बंद केली होती, तिच्या दोन किल्ल्या आम्हा दोघांच्या हातात होत्या. पुढे त्यांनी केस कधी वाढवले नाहीत. का, ते मी विचारले नाही.

त्यांची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. एका सकाळी ती काउंटरवर आली ती डोक्याला निळी दस्तार बांधून. तिने अमृत घेतले होते, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा. हातात खात्यावरचे नाव बदलण्याचा अर्ज होता: आडनाव वगळून नावापुढे फक्त ‘कौर’, नवा फोटो, नवी नमुना सही, सोबत प्रतिज्ञापत्र. कागद चोख होते. दहा पावलांवर तिचे वडील नोटांची गड्डी मोजत होते आणि मान वर करत नव्हते. संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “साहेब, थोडे दिवस राहू द्या. पोरीचं खूळ आहे, उतरेल.”

मी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. जे काम दोन दिवसांत व्हायला हवे होते, ते एका बापाच्या शब्दाखातर मी तीन आठवडे अडवून धरले. आपण एका घरावर उपकारच करतो आहोत, अशी त्या वेळी माझी समजूत होती.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याला निमित्त आहे. गुरू तेगबहादूर यांच्या हौतात्म्याला २०२५ च्या नोव्हेंबरात ३५० वर्षे पूर्ण झाली. १६७५ साली औरंगजेबाच्या हुकमाने दिल्लीच्या चांदणी चौकात त्यांचा शिरच्छेद झाला. काश्मिरी पंडितांना आपला धर्म पाळता यावा म्हणून त्यांनी हे बलिदान दिले, असे शीख परंपरा मानते. ज्या जानव्याला पहिल्या गुरूंनी नकार दिला होता, त्याच जानव्याच्या रक्षणासाठी नवव्या गुरूंनी शिर दिले! श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा याहून मोठा दाखला शोधून सापडणार नाही. साहजिकच देशभर सोहळे झाले, भाषणे झाली.

तख्तासमोर धर्म राखणाऱ्याचे गुणगान आपण मोकळ्या गळ्याने करतो. पण स्वयंपाकघराच्या दारात, आईसमोर, बापासमोर किंवा नवऱ्यासमोर आपली श्रद्धा राखू पाहणाऱ्याचे काय? तिथे औरंगजेब नसतो. तिथे आपलीच प्रेमाची माणसे असतात, आणि म्हणूनच ती लढाई अधिक अवघड असते.

विरोध कशाला?

शीख धर्म पाळण्यावरून घरात जे मतभेद होतात, ते ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार आपल्याला सहज कळतो. घर केशधारी असते, मुलगा एक दिवस केस कापून येतो आणि आजी दोन दिवस जेवत नाही. दुसरा याच्या नेमका उलटा. आईबापांनी केस आणि पगडी सोडलेली असते आणि मुलगा किंवा मुलगी पुन्हा त्या वाटेला लागते. आमच्या कॅशियरसाहेबांचे घर या प्रकारातले. तिसरा प्रकार म्हणजे घर शीख नसतेच, आणि घरातले कुणी गुरुबाणीच्या ओढीने गुरुद्वाऱ्यात जाऊ लागते.

गंमत अशी, की या तिसऱ्या प्रकारात पूर्वी फारसे भांडण नव्हते. पंजाबातल्या अनेक हिंदू घरांत थोरला मुलगा केशधारी शीख करण्याची रीत होती. एका भावाच्या डोक्यावर पगडी, दुसऱ्याच्या गळ्यात जानवे, आणि दोघांची चूल एक. आपल्या उल्हासनगरात फाळणीनंतर येऊन वसलेल्या सिंधी बांधवांकडे पाहा. नानकांना मानणारी ही माणसे मूर्तीपुढेही हात जोडतात आणि ग्रंथसाहिबापुढेही माथा टेकतात. ‘तुम्ही नक्की कोण?’ हा प्रश्न त्यांना त्यांच्या आजोबांनी कधी विचारला नव्हता.

मग आज घरे अडतात कुठे? मी त्या तीन वर्षांत आणि नंतरही जे पाहिले त्यावरून सांगतो, की विरोध बहुधा धर्माला नसतो. जपजी म्हणायला, लंगरात सेवा करायला, मिळकतीतला वाटा गरजूला द्यायला कुठलाही बाप हरकत घेत नाही. त्याला धास्ती असते ती दिसण्याची. १९८४ च्या त्या दिवसांत एकट्या दिल्लीत सरकारी हिशेबानेच २,७३३ माणसे मारली गेली आणि मारेकऱ्यांनी माणूस ओळखला तो पगडीवरून. २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि चारच दिवसांनी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात बलबीरसिंग सोढी या पेट्रोलपंपचालकाला गोळी घालण्यात आली, तीही पगडी पाहूनच. २०१२ साली विस्कॉन्सिनमध्ये गुरुद्वाऱ्यात शिरून एकाने गोळीबार केला. ज्या बापाने हे पाहिले किंवा ऐकले आहे, तो मुलीच्या डोक्यावर दस्तार पाहून दचकला तर त्याला अधार्मिक म्हणायचे का?

यात दुसरी, रोजची भीतीही मिसळलेली असते. नोकरी मिळेल का, व्हिसा मिळेल का, लग्न जमेल का. पगडी बांधणाऱ्या मुलीला स्थळ कसे मिळणार, हा प्रश्न जालंधरमध्ये जितका खरा, तितकाच व्हँकुव्हरमध्ये. आणि सर्वांच्या वर ‘लोक काय म्हणतील’ हा सनातन धर्म आहेच, जो सर्व धर्मांत सारखाच पाळला जातो.

पहिले भांडण नानकांच्याच घरी

ज्यांना वाटते की श्रद्धेपायी घरच्यांशी मतभेद होणे हे पाप आहे, त्यांनी या धर्माचा आरंभच पाहावा. १४६९ साली तलवंडीला जन्मलेल्या नानकांचे वडील मेहता कालू हे हिशेबाचे, जमीनमहसुलाचे काम पाहणारे गृहस्थ. मुलाने मुंजीत जानवे घालायला नकार दिला, ही जन्मसाखीतली पहिली ठिणगी. पुढे वडिलांनी व्यापारासाठी वीस रुपये दिले, तर मुलाने वाटेत भेटलेल्या भुकेल्या साधूंना जेवू घातले आणि ‘हाच खरा सौदा’ म्हणून रिकाम्या हाताने घरी आला. वडिलांचा संताप कुणाही हिशेबी माणसाला समजण्यासारखा आहे. निदान मला तरी समजतो.

अशा वेळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली ती थोरली बहीण, बेबे नानकी. तिच्या सासरी, सुलतानपूरला नानक गेले आणि तिथल्या नवाबाच्या मोदीखान्यात धान्य मोजण्याच्या कामाला लागले. तिथली एक आख्यायिका मला बँकवाला म्हणून फार आवडते. मापे मोजताना ते तेरावर आले की अडकत. मराठीत आपण तेरा म्हणतो, पंजाबी कानाला त्यातच ‘तुझा’ असाही अर्थ ऐकू येतो. ‘तेरा, तेरा’ म्हणत ते मापामागून माप देत राहिले. तक्रार झाली, तपासणी झाली, आणि हिशेबात तूट निघाली नाही! आख्यायिकेचा अर्थ मी असा घेतो, की भक्तीने व्यवहार बुडत नाही, हे घरच्यांना पटवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे हिशेब चोख ठेवणे.

नानक दूरदूर फिरले, पण शेवटी कर्तारपूरला येऊन शेती करत, संसारात राहिले. संन्याशाच्या वाटेपेक्षा गृहस्थाची वाट त्यांनी श्रेष्ठ मानली. थोरला मुलगा श्रीचंद मात्र वैरागी झाला. त्याचा मार्ग वेगळा होता. म्हणजे बापाशी मतभेद झालेल्या नानकांना मुलाशीही मतभेद सोसावे लागले. गादी त्यांनी मुलांपैकी कुणाला न देता लहणा या शिष्याला दिली. तेच गुरू अंगद.

तिसऱ्या गुरूंची कथा तर आपल्याकडच्या सासूसासऱ्यांनी आवर्जून ऐकावी. अमरदास हे साठीच्या आसपासचे वैष्णव गृहस्थ, दरवर्षी गंगायात्रा करणारे. त्यांच्या पुतण्याची बायको बीबी अमरो ही गुरू अंगदांची मुलगी. पहाटे तिच्या तोंडून बाणीचे सूर त्यांच्या कानी पडले. नव्या सुनेच्या माहेरचा धर्म म्हणून त्यांनी नाक मुरडले नाही. तिलाच विनवून ते तिच्या वडिलांकडे गेले, आपल्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या गुरूचे शिष्य झाले आणि पुढे स्वतः गुरू झाले. एका घरात श्रद्धा सुनेकडून सासऱ्याकडे गेली, आणि त्यातून इतिहास घडला.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ज्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यांच्या घरचे गाऱ्हाणे आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. कापडाचा धंदा सोडून विठ्ठलापाशी बसणाऱ्या मुलाबद्दल गोणाईने देवाशीच भांडण मांडले होते आणि राजाईने संसाराची ओढाताण बोलून दाखवली होती. २०१५ साली नामदेवांच्या घुमानला साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण त्या नात्याचा मोठा गौरव केला. पण त्या गौरवात गोणाई आणि राजाईची आठवण कितीजणांना झाली?

सावकाशीची वाट

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. शीख परंपरेत ‘सहजधारी’ असा एक फार सुंदर शब्द आहे. ज्याची गुरूंवर श्रद्धा आहे, पण ज्याने केस आणि इतर चिन्हे धारण केलेली नाहीत, जो सावकाश, आपल्या चालीने त्या वाटेवर आहे, तो सहजधारी. माझ्या मते घराघरांतला समेट होत होता तो याच शब्दाच्या आश्रयाने. मुलगा पाठ करू लागे, मग लंगरात जाऊ लागे, मग कडे घाली. घराला त्याची सवय होई. पाच-दहा वर्षांनी त्याने केस वाढवले तर धक्का बसत नसे, आणि नाही वाढवले तरी त्याला कुणी हाकलत नसे.

गेल्या दोन दशकांत ही वाट आखडत गेली आहे. २००३ साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या निवडणुकीतला सहजधाऱ्यांचा मताधिकार काढून घेतला. २०११ साली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, तर २०१६ साली संसदेने कायदाच बदलून ती बंदी मागच्या तारखेपासून कायम केली. त्याआधी २००९ साली याच उच्च न्यायालयात वैद्यकीय प्रवेशाचा एक खटला गाजला. शीख अल्पसंख्याकांच्या राखीव जागांवर ज्यांना प्रवेश नाकारला त्यांत भुवया कोरलेल्या मुलीही होत्या. न कापलेले केस हे शीख असण्याचे आवश्यक अंग आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

इंग्लंडात २०१६ साली लीमिंग्टनच्या गुरुद्वाऱ्यात एका आंतरधर्मीय विवाहाला विरोध करणाऱ्या ५५ जणांना पोलिसांनी अटक केली. आनंद कारज हा विवाहविधी दोघेही शीख असतील तरच व्हावा, असे मर्यादा सांगते, हा त्यांचा मुद्दा. इंदूरमध्ये २०२३ च्या जानेवारीत मूर्तींच्या सान्निध्यात ग्रंथसाहिबाची मर्यादा पाळली जात नाही असा आक्षेप आला, आणि सिंधी बांधवांनी आपल्या मंदिरांतल्या प्रती गुरुद्वाऱ्यात नेऊन परत केल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या ग्रंथापुढे दिवस उजाडला, तो डोक्यावर घेऊन परत करताना त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटले असेल?

पंथातल्या जाणत्यांची बाजू मला कळत नाही असे नाही. केसांची किंमत त्या समाजाने रक्ताने मोजली आहे. १७४५ साली भाई तारूसिंगांनी केस कापू देण्याऐवजी डोक्याची कातडी सोलून घेणे पत्करले, हे तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. बहुसंख्यांच्या समुद्रात आपण विरघळून जाऊ ही छोट्या समाजाची भीती खोटी नसते. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शिखांचाही समावेश आहे, हे त्यांना सलते, तेही यामुळेच. अमृत घेतल्यावर मर्यादा पूर्ण पाळायची, त्यात सूट नाही, हेही योग्यच. माझे म्हणणे एवढेच, की दार पक्के असावे, पण दारापर्यंतची वाट लांब असावी. ती वाटच काढून टाकली, की प्रत्येक घरासमोर ‘सगळे किंवा काहीच नाही’ एवढाच पर्याय उरतो, आणि मग घरे फुटतात.

कायदा आणि पोळी

ज्या घरात हा वाद चालू आहे, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचा धर्म हा त्यांचा प्रश्न आहे. पंचविसावे कलम सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य व्यक्तीला देते, कुटुंबप्रमुखाला नव्हे. हिंदू घरातला मुलगा शीख झाला म्हणून वडिलार्जित मिळकतीतला त्याचा हक्क जात नाही. हिंदू वारसा कायदा शिखांनाही लागू आहे. रागाच्या भरात मुलाचे नॉमिनेशन काढायला आलेले बाप मी काउंटरवर पाहिले आहेत. त्यांना मी समजावत असे, की नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा, वारस ठरवणारा नव्हे. स्वकष्टाच्या पैशाचे मृत्युपत्र अर्थात बाप हवे तसे करू शकतो. पण मृत्युपत्राने श्रद्धा बदललेली मी तरी पाहिली नाही.

दुसरी बाजू मुलांची. पंथाची रहत मर्यादा सांगते, की अमृत घेणारा फार लहान वयाचा नसावा, त्याला समज आलेली असावी. समज आली याची खूण कोणती? नव्याने दीक्षा घेतलेली काही मुले घरच्यांना तुच्छ लेखू लागतात. काही जथ्यांत अमृतधारीच्याच हातचे खाण्याचा नेम असतो. आमच्या कॅशियरसाहेबांच्या मुलीनेही तो धरला होता. हे मला तीन आठवड्यांनी कळले. ती स्वतःची रोटी वेगळी भाजून घेत असे आणि तिची आई तव्याशी उभी राहून रडत असे. बापाचे खरे दुखणे दस्तार नव्हतीच. त्याच्या बायकोच्या हातची रोटी मुलीने दूर सारली होती.

तोडगा माझ्या बँकेने काढला नाही, गावच्या म्हाताऱ्या ग्रंथींनी काढला. त्यांनी मुलीला एवढेच विचारले, “लंगरात बसतेस तेव्हा रोटी कुणी लाटली, हे विचारतेस का?” आणि बापाला म्हणाले, “तुझे केस आईने कापले ते तुला जगवायला. हिचे केस राहू दे, आता ती जगली आहे.”

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला आणि अर्ज मंजूर केला. मुलीची माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही. अधिकारी माणसाला ते जमत नाही. आज हा लेख लिहिताना मागतो आहे.

बदली होऊन निघताना निरोप घ्यायला सकाळी त्यांच्या घरी गेलो. पगडीचे लांब कापड बांधण्याआधी ताणून त्याच्या घड्या घालाव्या लागतात, त्याला तिकडे ‘पूणी’ म्हणतात. कापड लांब असले की ते एकट्याला नीट जमत नाही, दुसरे टोक धरायला कुणीतरी लागते. अंगणात मुलगी एक टोक धरून उभी होती. दुसरे टोक धरून, गुळगुळीत दाढीचे, उघड्या डोक्याचे कॅशियरसाहेब कापड ताणत होते. मला पाहून जरा ओशाळले, पण हातातले टोक त्यांनी सोडले नाही.

त्यांनी स्वतः पगडी बांधायला हवी होती, असे मला वाटले नाही. मुलीने ती उतरवायला हवी होती, असेही वाटले नाही. घरातल्या श्रद्धेचा प्रश्न बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटण्यासारखा असतो. आपण बांधली नाही तरी चालेल, दुसरे टोक धरावे.